बचावपटू ते युवा प्रशिक्षक: होर्हे ग्रिफा यांच्या वाटेने मुलं कशी निवडायची आणि बचाव कसा शिकवायचा

होर्हे ग्रिफा हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं मात्र सगळ्यांना माहीत आहेत: वाल्दानो, गायेगो, सेन्सिनी, बाल्बो, बातिस्तुता, पोचेटिनो. अर्जेंटिनातल्या सांता फे प्रांतातलं कासिल्दा हे ग्रिफांचं गाव, जन्म १९३५ चा. १९५४ ते १९५९ ते रोसारिओ शहरातल्या न्यूवेल्स ओल्ड बॉईज क्लबकडून सेंटर बॅक म्हणजे मधला बचावपटू म्हणून खेळले आणि १९५९ मध्ये अर्जेंटिनाबरोबर दक्षिण अमेरिकेचे विजेते ठरले. पुढची दहा वर्षं अ‍ॅटलेटिको माद्रिदमध्ये गेली. तिथे त्यांना १९६२ चा युरोपियन कप विनर्स कप आणि १९६५-६६ ची स्पॅनिश लीग मिळाली. शेवटची दोन वर्षं एस्पान्योलमध्ये काढून ते रोसारिओला परतले आणि न्यूवेल्सच्या मुलांचे संघ हातात घेतले. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत ते तिथेच होते, नंतर बोका ज्युनिअर्समध्ये हेच काम केलं. जानेवारी २०२४ मध्ये वयाच्या ८८ व्या वर्षी ते गेले.

१९८७-८८ मध्ये होसे युदिका यांच्या हाताखाली न्यूवेल्सने लीग जिंकली तो संघ क्लबच्याच शाळेत तयार झालेल्या खेळाडूंचा होता. हे यश नशिबाचं नव्हतं, त्यामागे एक पद्धत होती. खेळणं थांबवून मुलांना शिकवायला निघालेल्या बचावपटूने त्या पद्धतीतून काय उचलावं आणि ते मैदानावर कसं उतरवावं, ते पुढे दिलं आहे. सेंटीमीटर, मीटर आणि मिनिटं आमच्या अंदाजाची आहेत. तुमच्या मैदानाप्रमाणे थोडी इकडे-तिकडे करा.

खेळणं सुटल्यावरचं पहिलं वर्ष

बचावपटू कोच होतो तेव्हा त्याच्याकडे एक तयार भांडवल असतं. पंधरा वर्षं त्याने सगळा खेळ समोरून पाहिलेला असतो. चेंडू कुठे जाणार हे त्याला पास निघायच्या आधी कळतं. अडचणही इथेच सुरू होते. हे आपल्याला कसं कळतं, ते त्याला सांगता येत नाही. मग तो बाजूच्या रेषेवर उभा राहून "अरे, दिसत नाही का?" असं ओरडत बसतो. पोराला खरंच दिसत नसतं.

म्हणून पहिल्या वर्षी संघ स्वतःकडे घेऊ नका. तेरा-चौदा वर्षांच्या गटात दुसऱ्या कोचच्या हाताखाली राहा आणि प्रत्येक सामन्यात एकाच मुलाकडे बघा. चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे गेला की तो मुलगा पहिली दोन पावलं कुठे टाकतो, एवढंच वहीत लिहा. पुढे, मागे, आत की जागेवरच? वीस सामन्यांनंतर मुलं काय बघतात आणि काय बघत नाहीत, हे तुम्हाला शब्दांत सांगता येऊ लागेल.

कागदाची बाजू थोडक्यात. दक्षिण अमेरिकेत कॉनमेबोल या तिथल्या फुटबॉल महासंघाचे सी, बी, ए आणि प्रो असे प्रशिक्षकाचे चार परवाने आहेत, अर्जेंटिनात प्रशिक्षकांच्या संघटनेच्या शाळा ते शिक्षण देतात. मोठा खेळाडू होता म्हणून वर्ग चुकवणारे बरेच असतात, आणि शरीराची वाढ व भार यांच्या तासांना तेच नेमके गैरहजर असतात. मार्सेलो बिएल्सा यांचं उदाहरण उलटं आहे. तेही न्यूवेल्सचेच बचावपटू. पंचविशीतच खेळणं थांबवलं, शारीरिक शिक्षण शिकले, १९८२ मध्ये ब्युनोस आयर्स विद्यापीठाच्या संघाला शिकवलं आणि मग ग्रिफांच्या हाताखाली न्यूवेल्सच्या मुलांकडे आले. सीनिअर संघ त्यांना १९९० मध्ये मिळाला.

मुलं शोधायची कुठे

ट्रायलची जाहिरात लावून दारात बसलात तर शहरातली, ज्यांच्या बापाकडे गाडी आणि सुट्टीचा दिवस आहे अशीच मुलं येतील. बिएल्सांनी अर्जेंटिनाच्या नकाशाचे ७० भाग पाडले आणि छोट्याशा फियाट गाडीतून एकेक भाग पालथा घातला. ग्रिफांनी त्यांना पाठबळ दिलं. न्यूवेल्सची त्या काळातली नावं बघा: सेन्सिनी आरोयो सेकोचा, बेरिसो क्रूस आल्ताचा, पोचेटिनो मर्फीचा. सगळी पंपा नावाच्या अर्जेंटिनातल्या सपाट प्रदेशावरची, शेतीवर जगणारी लहान गावं.

तुम्हाला ७० भाग लागणार नाहीत. एका दिवसात जाऊन परत येता येईल एवढ्या परिघाचे आठ-दहा तुकडे करा. प्रत्येक तुकड्यात एक माणूस धरा: शाळेचा पीटी मास्तर, गावच्या स्पर्धेचा रेफरी, मैदानाची राखण करणारा. रेफरी सगळ्यांत उत्तम, कारण तो कुठल्याच संघाचा नसतो. त्याला विचारताना "चांगला खेळाडू कोण" असं विचारू नका, तो सर्वाधिक गोल करणाऱ्याचं नाव सांगेल. "कुठल्या मुलाच्या बाजूने गोल होत नाहीत?" असं विचारा.

ट्रायल

नेहमीची चूक म्हणजे दोनशे पोरं बोलवायची, पूर्ण मैदानावर ११ विरुद्ध ११ वीस मिनिटं खेळवायचं आणि संध्याकाळी यादी लावायची. अशा सामन्यात बचावपटूला चार-पाच वेळा चेंडू लागतो. प्रत्येक जण स्वतःला दाखवायला धावतो, पास कुणी देत नाही, आणि नीट जागा धरणारा पोरगा तुमच्या नजरेतच येत नाही.

त्याऐवजी ६० बाय ४५ मीटरच्या मैदानावर ८ विरुद्ध ८ खेळवा, पंधरा मिनिटांचे तीन डाव. पहिल्या डावात मुलगा सांगेल त्या जागी, दुसऱ्यात तुम्ही ठरवाल त्या जागी, तिसऱ्यात पुन्हा त्याच्या आवडीच्या. स्वतःला फॉरवर्ड म्हणवणारी निम्मी मुलं दुसऱ्या डावात वेगळंच काही दाखवतात. बघणारे दोघं हवेत, आणि तिन्ही डाव संपेपर्यंत दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही. दोन वह्या जुळतात ती नावं सोपी. जुळत नाहीत त्या मुलांना पुन्हा बोलवा.

वहीत मुलाच्या बिबवरच्या (अंगावरच्या क्रमांकाच्या बंडीवरच्या) आकड्यासमोर जन्मतारीख लिहून ठेवा. अर्जेंटिनात मुलांचे गट जन्मवर्षावर ठरतात. नोव्हेना म्हणजे नववी श्रेणी साधारण चौदा वर्षांची, तिथून वर चढत क्वार्तापर्यंत, म्हणजे चौथ्या श्रेणीपर्यंत. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात येतात आणि चौदाव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक खांद्यात, आवाजात, उडीत दिसतो. निवडलेल्या वीस मुलांत पंधरा जण जानेवारी ते जूनचे असतील तर तुम्ही खेळ निवडलेला नाही, वाढ निवडली आहे. यादी परत उघडा.

आता पायांबद्दल. पोचेटिनो तेरा-चौदा वर्षांचा होता तेव्हा ग्रिफा आणि बिएल्सा मध्यरात्र उलटल्यावर त्याच्या गावी पोचले, आईवडिलांना उठवलं आणि झोपलेल्या मुलाचे पाय बघायला मागितले. पाय बघून, हा फुटबॉलपटू आहे, असं म्हणाले. ही गोष्ट गंमत म्हणून सांगितली जाते, पण पाय बघण्यात अर्थ आहे. पंजा शरीराच्या मानाने मोठा असेल तर उंची अजून वाढायची आहे. पोटरी उंचावर आणि घोटा बारीक असेल तर बहुधा पाय हलका उचलला जातो. गुडघे आत वळत असतील तर उडीनंतर तो कसा उतरतो ते तपासा, पुढे दुखणं तिथूनच सुरू होतं.

उंचीचा अंदाज मुलाच्या बाबतीत असा काढतात: आई आणि वडील यांच्या उंचीची सेंटीमीटरमधली बेरीज, अधिक १३, भागिले २. वडील १७२, आई १५८ असतील तर उत्तर १७१.५. यात आठ-नऊ सेंटीमीटर वर-खाली धरा, म्हणजे मुलगा १६३ चाही होईल आणि १८० चाही. एवढ्या मोठ्या अनिश्चिततेवर कुणाला घरी पाठवू नका. १९७८ चा विश्वविजेता कर्णधार पासारेला पावणेसहा फुटांच्या आतला होता आणि सेंटर बॅक खेळत होता.

समोरासमोर: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

बचाव शिकवायचा म्हणजे टॅकल, म्हणजे पाय घालून चेंडू काढून घेणं, शिकवायचं, असं माजी बचावपटूंना वाटतं, कारण प्रेक्षकांच्या टाळ्या तिथे मिळाल्या होत्या. मुलांना आधी टॅकल न करता उभं राहणं शिकवा.

धावत जाऊन भिडताना शेवटचे तीन मीटर महत्त्वाचे. तिथे पावलं छोटी, टाचा जमिनीपासून किंचित वर. पोरगा पूर्ण वेगात येतो, थांबता येत नाही आणि समोरचा फक्त चेंडू बाजूला ढकलून निघून जातो. चौदाखालच्या संघांत गोल पडतात ते बहुतेक असेच. थांबल्यावर अंतर किती? हात लांब केला तर बोटं समोरच्याच्या छातीला लागतील-न लागतील एवढं. एक पाय पुढे, शरीर तिरकं, गुडघे वाकलेले, नजर चेंडूवर. दोन्ही पाय समांतर ठेवून समोर उभा राहिलेल्या मुलाच्या पायांमधून चेंडू जातो, आणि वळायला त्याला एक पाऊल जास्त लागतं. नजर खांद्यावर असेल तर तो हुलकावणीला फसतो, चेंडू मात्र हुलकावणी देत नाही.

चेंडूवर पाय कधी घालायचा? तीन वेळा: समोरच्याचा स्पर्श लांब गेला की, त्याने मान खाली घातली की, किंवा तो तुमच्याकडे पाठ करून वळायला लागला की. पुढचा पाय घाला, मागचा नको. मागचा पाय आणायला अर्धा सेकंद जातो आणि फाऊल तिथेच होतो.

सरावाची चौकट १२ मीटर लांब, ८ मीटर रुंद. बचावपटू एका टोकावरून समोरच्याला पास देतो आणि पासच्या मागोमाग पळतो. समोरच्याने चेंडू ताब्यात ठेवून मागची रेषा ओलांडायची. बचावपटूने चेंडू काढला तर त्याने उलट्या टोकाला जायचं, नुसता बाहेर मारला तर गुण नाही. एक झुंज दहा सेकंदांची, मग मिनिटभर विश्रांती. प्रत्येकाला सहा झुंजी, तीन मिनिटं पाणी, पुन्हा सहा. चार मुलांमागे एक चौकट ठेवा. बारा मुलं एका रांगेत उभी केलीत तर तासातली पन्नास मिनिटं ती खुणेच्या प्लास्टिकच्या कोनशी खेळतील.

पहिले दोन आठवडे टॅकल बंद. समोरच्याला पाच सेकंद अडवून धरलं की बचावपटूचा गुण, तुम्ही मोठ्याने आकडे मोजा. तिसऱ्या आठवड्यात टॅकल सुरू. त्यानंतर चौकटीची एक बाजू मैदानाच्या रेषेला लावा आणि समोरच्याला त्या बाजूला ढकलायला सांगा, म्हणजे धावण्याचा मार्ग सरळ न ठेवता आतून बाहेर वळता ठेवायचा.

चौकट १२ मीटर रुंद केलीत तर बचावपटू दरवेळी हरतो आणि वैतागून झेप घालायला लागतो. ५ मीटर केलीत तर काहीच न करता जिंकतो. विश्रांती कापलीत तर पाय थकतात, आणि थकलेला पोरगा गुडघे वाकवत नाही, लाथ घालतो. तुम्ही बाजूला उभे राहत असाल तर जागा बदला. बचावपटूच्या मागे उभं राहिलं की त्याचे पाय दिसतात. तीन झुंजी होऊ द्या, मग एकच गोष्ट सांगा.

दुसरा माणूस आणि फळी

एकट्याचं जमायला लागलं की २ विरुद्ध २ करा, २० बाय १५ मीटरमध्ये. चेंडूजवळचा भिडतो, दुसरा त्याच्या मागे चार-पाच मीटर, तिरका आणि आतल्या बाजूला. दोन मीटरवर आला तर एकाच हुलकावणीत दोघंही जातात, आठ मीटरवर राहिला तर मधल्या मोकळ्या जागेत समोरच्याला वेग मिळतो. मागच्याने बोललंच पाहिजे, कारण पुढच्याला मागचं दिसत नाही. शब्द छोटे ठेवा: "आत", "बाहेर", "थांब", "वर". वाक्य बोलणारा मुलगा वाक्य संपेपर्यंत उशीर करतो.

मागच्या चौघा बचावपटूंची फळी अर्जेंटिनात आकड्यांनी ओळखली जाते: उजवीकडचा ४, मधले २ आणि ६, डावीकडचा ३. शेजारच्या दोघांत आठ मीटर अंतर शिकवायला आठ मीटरच्या दोऱ्या वापरा. हातात धरायच्या, कमरेला बांधायच्या नाहीत, नाहीतर एक पडला की चौघं पडतात. दोरी लोंबली म्हणजे जवळ आलात, ताणली म्हणजे लांब गेलात. दहा मिनिटं पुरे. मग दोऱ्या टाका आणि सहा जणांना त्यांच्यासमोर चेंडू फिरवू द्या.

फळीला वर-खाली व्हायची खूण चेंडू देते. समोरच्यांनी मागे पास दिला की पाच पावलं वर. चेंडूवाल्यावर कुणी नाही आणि त्याची मान वर आहे, तर लगेच मागे, कारण लांब पास येणार. त्याच्यावर कुणी भिडलेलं असेल तर जागेवर थांबा. सगळ्यात जास्त चुकतो चेंडूपासून लांबचा फुल बॅक, म्हणजे फळीतला कडेचा बचावपटू. तो चेंडूच बघत राहतो, तिघं वर येतात, हा एकटा मागे राहतो आणि त्याच्यामुळे समोरचा फॉरवर्ड ऑनसाइड होतो, म्हणजे फळीच्या पलीकडे असूनही नियमात बसतो. प्रत्येक पासला एकदा मान वळवून फळी बघायची, एवढी सवय लावा. समोरच्या फॉरवर्डला नियमाबाहेर पकडण्यासाठी, ऑफसाइडचा सापळा म्हणून मुद्दाम वर येणं मात्र चौदाच्या आत शिकवू नये. जमलं तर मुलं पळायचं विसरतात.

माणूस धरायचा की जागा, यावर रोसारिओत वाद संपत नाहीत. बिएल्सांचा हिशेब सोपा आहे: समोर दोन फॉरवर्ड असतील तर मागे तीन, एक असेल तर दोन. प्रत्येकाकडे एक माणूस, आणि एक जण मोकळा. मुलांना हा हिशेब लगेच समजतो. प्रत्येकाला एक माणूस धरायला लावल्याने जबाबदारी कळते म्हणून चौदापर्यंत तेच शिकवा, जागेचा बचाव नंतर.

हेडिंग, म्हणजे डोक्याने चेंडू मारणं, बाराच्या आत नको. अमेरिकेत दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडरच बंद आहे, अकरा ते तेरा वर्षांच्या मुलांना फक्त मर्यादित सराव. तेरा-चौदाला हलक्या चेंडूने आठवड्यात एकदा पाच-सहा हेडर पुरतात. चेंडू कपाळावर आणि डोळे उघडे, यापलीकडे आधी काही नको.

चेंडू काढल्यावर पुढे काय, हेही बचावपटूचंच काम. २०१५ आणि २०१६ मध्ये ब्राझीलचा लुसिओ एफसी गोवासाठी खेळला. समोर मोकळी जागा असली की चेंडू घेऊन थेट पुढे घुसणं ही त्याची कारकीर्दभरची ओळख. मुलांना हे करायची मुभा द्या, अट एकच: सेंटर बॅक पुढे गेला की मिडफिल्डरने त्याची जागा धरायची. ही अट सरावात बसली नसेल तर सामन्यात पुढे जाणाऱ्यावर ओरडू नका.

आठवडा, वाढ आणि घर

चौदा-पंधराच्या मुलांना चार सराव, प्रत्येकी ७५ ते ९० मिनिटं, आणि एक सामना. दर तीन महिन्यांनी उंची मोजा, सकाळी, बूट काढून. तीन महिन्यांत दोन सेंटीमीटरहून जास्त वाढलेल्या मुलाच्या उड्या आणि लाथा निम्म्या करा. या काळात गुडघ्याखालचं हाड आणि टाच दुखते, चेंडू पायाखालून सटकतो, कालपर्यंत चपळ असलेला पोरगा लाकडासारखा वळतो. घाईचा कोच इथे त्याचं नाव कापतो. सहा महिने थांबा.

गावाहून आलेली मुलं वसतिगृहात राहतात, आणि पहिल्या हिवाळ्यातच बॅग भरतात. घरी फोन रोज एकाच वेळेला करू द्या, शाळेची हजेरी सरावाच्या हजेरीआधी तपासा, महिन्यातून एकदा घरी पाठवा. मुलाला सोडायचं ठरलं तर नोटीस बोर्डावर यादी लावू नका. पालकांसमोर, कारण सांगून, आणि दुसऱ्या क्लबचा पत्ता हातात देऊन सोडा. ज्या गावातून एक मुलगा अपमानित होऊन परतला, त्या गावातला रेफरी तुम्हाला पुढचं नाव सांगत नाही.

सीनिअर संघाचा मोह सगळ्यांना होतो. दिएगो प्लासेंते १९९७ मध्ये अर्जेंटिनाच्या २० वर्षांखालील विश्वविजेत्या संघाचा लेफ्ट बॅक होता. पुढे मुलांच्याच राष्ट्रीय संघांत राहून त्याने १७ वर्षांखालील संघ २०२३ मध्ये विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत नेला आणि २०२५ मध्ये २० वर्षांखालील संघ अंतिम फेरीत. मुलांच्या कामात अनुभव साठत जातो, दर दोन वर्षांनी माणूस बदलला की तो क्लबमधून बाहेर जातो. आमच्या मते पाच वर्षांच्या आत संघ बदलणाऱ्याने हे काम घेऊच नये.

नोंदी

शेवटचं काम कंटाळवाणं आहे, पण क्लब त्यावर चालतो. फिफाच्या नियमानुसार खेळाडू करार चालू असताना पैसे देऊन एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबमध्ये गेला, तर रकमेतले ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात शिकवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. १२ ते १५ मधल्या प्रत्येक हंगामाला एकूण रकमेच्या ०.२५ टक्के, १६ ते २३ मधल्या प्रत्येक हंगामाला ०.५ टक्के. दहा कोटींच्या व्यवहारात मुलगा १२ ते १५ अशी चार वर्षं तुमच्याकडे असेल तर १० लाख, १६ ते १९ अशी चार असतील तर २० लाख. हा नियम रोसारिओला लागू आहे तसाच मडगावला किंवा कोल्हापूरलाही. मात्र मोजली जातात ती फक्त नोंदणी झालेली वर्षं. मुलगा ऑगस्टपासून सरावाला येतो आणि त्याचा अर्ज मार्चमध्ये भरला जातो, तर मधले सात महिने कागदावर नसतात. म्हणून मुलगा घेतला त्याच आठवड्यात जन्माचा दाखला, पालकांची सही आणि नोंदणीची तारीख फाइलला लावा, आणि तो क्लब सोडतो त्या दिवसाची तारीखही.